सावरटोल्याचा भाऊ

पोंभुर्ण्याच्या बसस्थानकासमोर नईम शेख यांचं शिलाईचं दुकान आहे. दुकानात मशीन दोन, पण चालते एकच. दुसरीवर कायम रविवार क्लबचं सामान पडलेलं: घमेली, कुदळी, रिकाम्या गोण्या, कधी रोपांच्या पिशव्या. एकदा तर नालीतून काढलेलं मांजराचं पिल्लू पंधरवडाभर त्या मशीनवर मुक्कामाला होतं. लग्नसराईच्या घाईत आलेल्या बाया आधी तो पसारा पाहतात आणि मग विचारतात, "काऊन भाऊ, अवंदा ब्लाऊज भेटते का नुसती समाजसेवाच?"

नईमभाऊ हसतात, टेप गळ्यात टाकतात आणि माप घ्यायला लागतात. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, दोरीने चष्मा बांधलेला हा माणूस कोणाला नाही म्हणू शकत नाही, आणि पडलेलं काम पाहून पुढे जाऊ शकत नाही. हा आजार त्यांना लहानपणापासून आहे. त्यांची बायको अमिना म्हणते की निकाहाच्या दिवशी मंडपात पंगत बसली तेव्हा नवरदेव पाण्याचा जग घेऊन वाढत फिरत होता.

क्लबही असाच सुरू झाला. बसस्थानकाजवळची नाली तुंबली होती. लोक नाक दाबून जात होते, नगरपंचायतीला शिव्या देत होते. नईमभाऊ एका रविवारी फावडं घेऊन उतरले. रस्त्यावरून केवळराम चालले होते. केवळराम म्हणजे निवृत्त कृषी सहायक, आवाज भरदार, पगारी सवयीने सूचना देणारे. ते थांबले आणि फावडं कसं धरावं ते सांगू लागले. काम करणारा एक आणि सांगणारा एक, एवढ्या भांडवलावर पर्यावरण व समाजसेवा क्लब उभा राहिला. केवळराम अध्यक्ष झाले. ते लांबलचक नाव पाटीवरच राहिलं, लोक रविवार क्लबच म्हणतात. पुढे किराणावाले आले, मोबाइल दुरुस्त करणारे आले, दोन मास्तर आले. क्लबचा नियम एकच होता: आधी काम करायचं, मग सांगायचं. अध्यक्षांना नियमाचा दुसरा भाग फार आवडत असे.

गावाबाहेर, सावरटोला नावाच्या वाडीच्या वाटेवर, एक बोडकी टेकडी आहे. सगळे तिला पहाडी म्हणतात. रीतसर परवानगी काढून क्लबने तिथे आवळा, बेहडा, करंज आणि चाराची, म्हणजे चारोळीची, रोपं लावली. लावायला फोटोसाठी पन्नास माणसं येतात, हे सगळ्या जगाचं आहे. पाणी घालायला उन्हाळ्यात कोण येतो, ते खरं. नईमभाऊंनी आपल्या लुनाच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून तीन उन्हाळे पाणी वाहिलं. चंद्रपुरी ऊन म्हणजे थट्टा नव्हे. तरी रोपं कमरेएवढी झाली, काही तर छातीला लागली.

मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत सावरटोल्याच्या बाजूने आग आली आणि वाऱ्यावर चढून पहाडी खाऊन गेली. क्लबची माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावली, पण विझवायला काही उरलंच नव्हतं. नईमभाऊ राखेत बसले आणि चारचौघांदेखत हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "ज्यानं जाळलं त्याचं नाव मले पाह्यजे." पुढे वर्षभर ते माप घेता घेता प्रत्येकीला विचारत राहिले. कोणी काही सांगितलं नाही. बायका छातीचं माप देत, पण नाव देत नसत.

पावसाळ्यात रोपं पुन्हा लागली. मात्र सभेत मास्तरांनी स्पष्टच सांगितलं की आता पुन्हा जळालं तर आम्ही घरी बसू. किराणावाल्यांनी मान हलवली. केवळरामांनीही भाषण केलं नाही, यावरून काय ते समजावं. पहाडी वाचली तर क्लब वाचणार होता, नाहीतर दुसरी मशीन ब्लाऊजसाठी मोकळी होणार होती. नईमभाऊंना या दुसऱ्या गोष्टीची फार धास्ती वाटे.

आग का लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळ्याचा थर असला तर ती वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावायची, बूड काळंभोर साफ करायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पिवळी फुलं टिपायची. आग आपल्या झाडापुरती राहिली तर ठीक. पण वारा कोणाचं ऐकतो? जंगल जाळू नका असे बोर्ड रस्त्याला लागलेच आहेत. एका वर्षी त्या बोर्डाचेच खांब जळाले.

"सांगून होत नाई," नईमभाऊ म्हणाले. "आपनच झाडून देऊ."

कल्पना त्यांची आणि कापडही त्यांनीच जमवलं. गावातल्या घराघरांतून जुन्या साड्या मागितल्या. दुसऱ्या मशीनवरचा पसारा खाली उतरवला आणि चार-चार साड्या जोडून मोठाल्या चादरी शिवल्या. झाडाखाली चादर अंथरली की पाचोळाही नको आणि आगही नको, फुलं आपोआप साडीत. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही याचं नईमभाऊंना मनातून जरा कौतुकच वाटलं. माणसाला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं की समजावं, कुठेतरी पाय घसरणार आहे.

त्या रविवारी सगळा सावरटोला ट्रॅक्टर भरून मूलकडे एका लग्नाला गेला होता. आधी काम, मग सांगणं! क्लबची फौज झाडू घेऊन पोहोचली. टोल्यापासून पहाडीच्या पायथ्यापर्यंत जेवढे मोह दिसले तेवढ्यांची बुडं त्यांनी लख्ख झाडली, चादरी अंथरल्या, कडांवर दगड ठेवले. रमजान सुरू होता, नईमभाऊंना रोजा होता, तोंडाला कोरड पडली होती. पण परतताना मागे वळून पाहिलं तर झाडाझाडाखाली लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या पसरलेल्या. त्यांना वाटलं, उद्या या बायांना केवढा आनंद होईल!

सोमवारी दुकानात टोल्यातलं कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बाजाराच्या दिवशी गोकुळा आली. ही सावरटोल्याची. हिच्या लग्नापासूनचे सगळे ब्लाऊज नईमभाऊंनी शिवलेले. एरवी दुकानात शिरताच ती पाटावर बसायची आणि सगळ्या टोल्याच्या बातम्या सांगायची. आज उभीच राहिली.

"माझं कापड वापस द्या," ती म्हणाली.

"काऊन बाई? काय झालं?"

"आमचे झाडं घेतले तुमी. आता कापड बी ठेवता का?"

नईमभाऊंना हसू आलं. त्यांना वाटलं, मस्करी करते आहे. पण गोकुळाचे डोळे भरले होते. ती जे म्हणाली ते ऐकून त्यांनी गळ्यातला टेप काढून ठेवला.

सावरटोल्याची रीत अशी, की हंगामात ज्यानं मोहाचं बूड साफ केलं, ते झाड त्या हंगामापुरतं त्याचं. जाळून करो की झाडून करो. बुडाशी काळं वर्तुळ दिसलं की दुसरा माणूस लांबूनच समजतो की झाड लागलं, आणि वाट बदलतो. भांडण नाही, तंटा नाही. आजवर त्या टोल्यात मोहावरून कोणी कोणाची कॉलर धरलेली नाही. लग्नाहून परतलेल्या बायांनी पाहिलं, तर सगळीच्या सगळी झाडं झाडलेली, आणि वर साड्या अंथरून पक्का हक्क सांगितलेला.

"अवं पन ते तुमच्यासाठीच केलं!" नईमभाऊ ओरडलेच.

"आमाले काय मालूम? आमी तं समजलो, बेपारी झाले तुमी. फुलं पडून राह्यले, गाई खाऊन राह्यल्या. आमी एकीनं बी हात नाई लावला. दुसऱ्याच्या बुडातलं वेचनं म्हंजे चोरी होये." मग तिने पदराने नाक पुसलं. "आता पहाडीच्या मांगं मोकळे झाडं हायेत. उद्या जाऊन तिथी बुडं जाळतो."

पहाडीच्या मागे! तिथे काडी पडली तर वारा सरळ रोपांवर येणार. आग अडवायला गेलेल्या माणसाने आगीला आपल्या हाताने वाट करून दिली होती. नईमभाऊंनी दुकानाचं शटर ओढलं, केवळरामांना लुनावर बसवलं आणि गोकुळाच्या मागोमाग टोला गाठला.

चावडीपुढे सगळे जमले. केवळरामांनी गळा साफ करून जाहीर केलं की क्लब ही सर्व झाडं सन्मानपूर्वक परत करत आहे. टाळ्या पडतील म्हणून ते थांबले. कोणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला की साफ केलेलं बूड परत करता येत नाही, तशी रीत नाही. फुकट घेतलं तर ती भीक झाली, आणि सावरटोला भीक घेत नाही. केवळरामांनी शासकीय नोकरीत पुष्कळ अडेलतट्टू पाहिले होते, पण हे प्रकरण त्यांच्याही आवाक्याबाहेरचं निघालं.

मग गोकुळाच म्हणाली, "भाऊ बहिनीले झाड देते. ते चालते."

चालत होतंच. टोल्यात लग्नात बहिणीला मोहाचं झाड आंदण द्यायची चाल जुनीच होती. भावाने पहाटे स्वतः फुलं वेचायची, पहिली टोपली बहिणीच्या टोपल्यात ओतायची आणि चार माणसांत म्हणायचं, हे झाड माझ्या बहिणीचं. त्यात भीक नाही, चोरी नाही. मात्र भाऊ झालं की व्हायचं ते कायमचं. दरसाल बूड साफ करून द्यायची जबाबदारी भावाची, सणाला बोलावणं भावाचं, आणि बहिणीच्या घरी काही बरंवाईट झालं तर पहिलं धावायचं भावानेच.

हे ऐकल्यावर क्लबच्या अध्यक्षांनी हलकेच एक पाऊल मागे घेतलं. "मला सख्ख्याच चार आहेत," ते पुटपुटले. "त्यांचंच पुरेसं होतं."

नईमभाऊंना बहीण नव्हती. पडलेलं काम समोर होतं. "सगळ्या माह्या," ते म्हणाले. सगळ्या टोल्याचे ब्लाऊज शिवताना त्यांना रोज भाऊ म्हणून हाक मारली जात होती, पण हाक मारणं निराळं. त्या संध्याकाळी आपण नेमकं काय कबूल करून आलो हे त्यांना इफ्तारचा खजूर तोंडात टाकल्यावर कळलं आणि जरा ठसकाच लागला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे सहेरी खाऊन झाली, फजरची नमाज झाली, की लुना सावरटोल्याच्या वाटेला. उजाडायच्या सुमारास मोह टपटपत असतो. एकेका झाडाखाली वाकून टोपलीभर फुलं वेचायची, ते झाड दरसाल ज्या घराकडे असे त्या घरच्या बाईच्या टोपल्यात ओतायची, आणि चार माणसांत तेच वाक्य म्हणायचं. शिंप्याची कंबर बसून काम करायला घडलेली, ती पहिल्याच दिवशी बोलायला लागली. बाया हसत. "भाऊ, हळू! फूल हाय, बटन नोहे!" पण त्यांच्या हाती चादरी मात्र लगेच रुळल्या. साडीची चार टोकं उचलली की सगळी फुलं एकदम टोपल्यात. गोकुळा तर म्हणाली की हे सुख आधी कळलं असतं तर आजीची कंबर वाचली असती.

अडचण झाली घरी. मोहाचा वास असा, की धुतला तरी जात नाही, आणि तो कशाचा म्हणून ओळखला जातो हे आमच्या भागात सांगायची गरज नाही. रमजानच्या सकाळी नवरा दारात उभा, आणि अंगाला मोहाचा घमघमाट.

"ये क्या है जी?" अमिनाने नाकाला ओढणी लावली. "रोजे में?"

"फुलं वेचून राह्यलो. बहिनींसाठी."

"बहनें? तुमको कबसे बहनें हो गई?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने हिशेबीपणे विचारलं की ईदला यातल्या किती येतील. नईमभाऊ म्हणाले, सगळ्या. अमिनाने कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी शिरखुर्म्याचं मोठं पातेलं मागून आणलं.

एक झाड मात्र राहिलं. पहाडीच्या अगदी पायथ्याशी, सगळ्यात जुना मोह. त्याची फुलं दरसाल भागीरथाबाई वेचायची. भागीरथा साठीची विधवा, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ. ती चावडीपुढे आली नव्हती. नईमभाऊ तिच्या दारी गेले तर तिने आतूनच सांगितलं, "मले भाऊ नाई पाह्यजे. होता एक, माहेरी. त्यानं देल्लं झाड त्याच्या पोरानं हिसकून घेतलं. तवापासून मी रानातल्या बेवारशी झाडाखाली वेचतो. जाय तू."

शहाण्या माणसाने तिथून काढता पाय घेतला असता. नईमभाऊ दुसऱ्या पहाटे तिच्या झाडाखाली हजर. फुलं वेचली, टोपली भरली, झाकून ठेवली आणि आले. टोपली तशीच राहिली. तिसऱ्या पहाटेही तेच. टोल्यातल्या बाया म्हणाल्या, "सोडा तिले भाऊ, ते अशीच हाय." पण एक झाड सुटलं असतं तर पुढच्या हंगामात त्या झाडाखाली काडी पडली असती, आणि ते झाड पहाडीला चिकटून होतं. खरं सांगायचं तर आता एवढंच कारणही राहिलं नव्हतं. त्यांना त्या म्हातारीचा राग यायला लागला होता, आणि नईमभाऊंना ज्याचा राग येतो त्याची ते दुप्पट सेवा करतात.

रमजानच्या शेवटाकडे एका पहाटे ते वेचत असताना मागे पाचोळा वाजला. भागीरथा उभी होती. शेजारी उकिडवी बसली आणि वेचू लागली. दोघांनी मिळून टोपली भरली. नईमभाऊंनी ती तिच्या टोपल्यात ओतायला उचलली, तसा तिने हात आडवा घातला.

"आधी आयक. मंग ओत."

"बोला बाई."

"मांगच्या साली पहाडी मी जाळली." ती जमिनीकडे पाहत होती. "जानूनबुजून नाई. ह्याच झाडाखाली काडी लावली. अचानक वारा उठला. डहाळा घेऊन मारत सुटलो, पन आवरलीच नाई. मंग तुमी आले. तू राखेत बसून रडत होता ते मी त्या झुडपामांगून पाह्यलं. वर्षभर तुझ्या दुकानाकडं आलो नाई. फाटके घातले, पन आलो नाई. तुले भाऊ कराले माझं तोंड होतं का?"

नईमभाऊंनी टोपली खाली ठेवली. त्यांना राग आला, खोटं कशाला बोला. कॅन बांधलेली लुना, तीन उन्हाळे, करंजाला आलेली पहिली पालवी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते उठले आणि पहाडी चढून गेले. भागीरथा बसल्या जागी बसून राहिली. तिने पळून जायचंही मनात आणलं नाही. वर नवी रोपं वीतभर उभी होती, काही वाळलेली, काही धरलेली. नईमभाऊ त्यांच्यात बराच वेळ फिरले. एका वाळलेल्या रोपाला त्यांनी उगाच हात लावून पाहिला. खाली पाहिलं तर म्हातारी झाडाखाली तशीच, मान खाली घालून, शिक्षेची वाट पाहत.

वर्षभर जो माणूस शोधला तो असा असेल हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांच्या मनात कोणी मिशीवाला, दांडगा, जंगल जाळून हसणारा होता.

ते खाली उतरले. टोपली उचलून तिच्या टोपल्यात ओतली. तिथे चार माणसं नव्हती, म्हणून नईमभाऊंनी टोल्याकडे तोंड करून हाळी दिली. गोकुळा आली, आणखी दोघी-तिघी डोईवरच्या टोपल्या सावरत आल्या. "हे झाड माह्या बहिनीचं," नईमभाऊ म्हणाले. आवाज जरा फाटलाच. भागीरथाने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. बाकीच्यांना वाटलं, झाड मिळालं म्हणून रडते.

त्या हंगामात पहाडीच्या आजूबाजूला धूर दिसला नाही. ईदला टोल्याचा ट्रॅक्टर बसस्थानकासमोर उभा राहिला आणि पातेलं खरंच कमी पडलं. भागीरथा सगळ्यात शेवटी उतरली. अमिनाने तिला आत नेलं आणि दोघी दार लोटून बराच वेळ बोलत बसल्या.

त्यानंतरच्या रविवारी क्लबची बैठक दुकानातच भरली. सगळे खुशीत होते. केवळरामांनी मात्र नवीच बातमी आणली. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की मागच्या वर्षीची आग टोल्यातल्याच कोणा बाईकडून लागली. त्यांनी खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. "आता चांगली अद्दल घडवू," ते म्हणाले. "पक्की तक्रार करू. नईम, तू तर रोज तिथं जातो. नाव कळलं का?"

"कळलं," नईमभाऊ म्हणाले.

मास्तर पुढे सरकले. या नावासाठी या माणसाने वर्षभर किती तोंडं धुंडाळली होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मग सांग ना! कोण?"

नईमभाऊ सुईत दोरा ओवत होते. दोरा ओवून झाला, गाठ मारली, मग त्यांनी वर पाहिलं.

"घरचं मानूस हाय माह्या. आता तुमीच सांगा, घरच्या मानसाची तक्रार कोनी करते का?"

केवळरामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि यंदा पहाडीवर कशाकशाची रोपं लावायची ते विचारलं.